घटपर्णीच्या तोंडचं पाणी

पाऊस ओसरला की मला येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. जून ते सप्टेंबर सगळे खुशीत असतात, कौतुकानं फोटो पाठवतात. ऑक्टोबर तापायला लागला की तीच माणसं काकुळतीला येतात. यंदाच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच झाडाबद्दल आहेत आणि तीही मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा, उत्तन याच पट्ट्यातली. झाड म्हणजे घटपर्णी. नर्सरीत ‘पिचर’ म्हणून टांगलेलं असतं ते. म्हणून या वेळी गुलाब, कढीपत्ता आणि मोगऱ्याला सुट्टी. वाचताना एक गोष्ट जाणवली. ‘पाणी किती घालू?’ हे जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय. ‘कुठलं घालू?’ हे जेमतेम एखाद्यानं.

शंका : ताई, जुलैत आमच्या घटपर्णीला एका वेळी अकरा घट होते. गणपतीत पाहुणे आरतीआधी तिचे फोटो काढत होते. आता नवीन पान येतं, पानाच्या टोकाला ताणा येतो, ताण्याच्या टोकाशी मुगाच्या दाण्याएवढा घटही दिसतो आणि तिथेच काळा पडतो. जुन्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. मी दोन्ही वेळा पाणी घालते, खालच्या ताटलीतही ठेवते. कमी पडतंय का? आमच्या सोसायटीत एक दिवसाआड टँकर येतो, बोअरही आहे, त्यामुळे पाण्याची टंचाई नाही.
– गृहिणी, शांतीनगर, मीरा रोड (पूर्व)

समाधान : कमी पडत नाही, जास्त पडतंय. पण खरी गोम तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. जुलैत झाडाला पाणी घालत होता पाऊस. आता घालता तुम्ही, आणि तेही टाकीतलं.

आपल्याकडे नळाला येणारं पाणी स्टेम प्राधिकरणाचं आणि एमआयडीसीचं, म्हणजे उल्हास खोऱ्यातलं, नदीचं. ते एकटं आलं तर माझी फारशी तक्रार नाही. पण ते सोसायटीच्या टाकीत उतरतं, तिथं त्याला टँकरचं पाणी भेटतं, वर बोअर सोडतात. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला गोराईची खाडी. अशा गावात बोअर मारली की गोडं पाणी लागणं नशिबाचाच भाग. आंघोळीला, धुण्याला ते चालून जातं. साबणाला फेस कमी येतो एवढंच. घटपर्णीला ते चालत नाही.

भाईंदरची मिठागरं तुम्ही लोकलच्या खिडकीतून पाहिली असतील. मीठ पिकवतात कसं? भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, उन्हावर सोडून द्यायचं. पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. आता तुमची कुंडी बघा. दोन वेळा पाणी आत, खाली ताटलीचा बांध, वर ऑक्टोबरचं ऊन. तुम्ही गॅलरीत एक छोटं मिठागर चालवताय!

हिशेबच मांडू. पाण्यात एका लिटरला 300 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत असं धरा. आठवड्याला अर्धा लिटर पाणी घातलं आणि ताटलीमुळे ते खालून वाहून गेलं नाही, तर वर्षाला 26 लिटर पाणी मुरतं आणि जवळजवळ आठ ग्रॅम क्षार कुंडीतल्या मूठभर मॉसमध्ये बसून राहतात. म्हणजे चहाचा चमचा शिगोशीग भरून, वर थोडे. तुम्ही तर दोन्ही वेळा घालता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी उत्तम धरलं जातं. तेव्हा ‘आम्ही तेच पितो की’ हा मुद्दा इथे गैरलागू आहे. घटपर्णीला 50 च्या आतलं पाणी हवं. 100 पर्यंतचं ती चालवून घेते, पण मग कुंडी अधूनमधून धुवावी लागते.

एवढे नखरे कशाला, असं वाटेल. हे झाड मूळचं बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सकडचं. तिथला पाऊस मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. मुळांना खायला काही उरत नाही, म्हणून पानांनी तोंड उघडलं आणि किडे धरायला सुरुवात केली. मुळं राहिली पातळ, काळी, तारेसारखी. क्षारांची सवय त्यांना कधी लागलीच नाही. घट काळा का पडतो तेही यातच आलं. घट म्हणजे पानाचाच पुढचा भाग. तो पाण्याच्या दाबानं फुगतो. मुळाशी क्षार साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि सगळ्यात आधी पाणी तुटतं ते सगळ्यात लांबच्या टोकाला. झाड ओल्या मॉसमध्ये बसून तहानेलं राहतं.

आता करायचं काय? ताटली काढा. कुंडी मोरीत ठेवून वरून सावकाश पावसाचं किंवा आरओचं पाणी ओता. थोडंथोडकं नाही, कुंडीत मावेल त्याच्या तीन-चार पट, खालून भळाभळा वाहू दे. कुंडीच्या काठावर पांढरी कड दिसत असेल तर वरचा इंचभर मॉस काढून टाका. त्यानंतर पाणी घड्याळ बघून नको, कुंडी उचलून बघून. पाणी घातल्याबरोबर एकदा उचला, हाताला वजन कळेल. हलकी लागली की घाला. मॉस पिळलेल्या फडक्याइतका दमट हवा; टपकताही नको, कुरकुरीतही नको. या दिवसांत आठवड्याला दोनदा पुरेल, मे महिन्यात एक दिवसाआड लागेल. काळे पडलेले घट परत यायचे नाहीत. नवीन घट धरायला दोन-तीन महिने जातील. तेवढी सवड तिला द्या.

आणखी एक. सप्टेंबरच्या शेवटापासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो. जी दक्षिणेची खिडकी पावसाळाभर सावलीत होती तिच्यात आता थेट ऊन शिरतं. अकरा-साडेअकरापर्यंतचं कोवळं ऊन चालेल. दुपारचं असेल तर पातळ पडदा लावा.

शंका : पाणी उकळून, गाळून, तुरटी फिरवून घातलं तर चालेल का? आमच्याकडे आरओ मशीनही आहे. तसं नसेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवून घालावं का?
– निवृत्त बँक कर्मचारी, भाईंदर (पश्चिम)

समाधान : उकळल्यानं जंतू मरतात, पाण्याचा कडकपणा थोडा खाली बसतो, बाकी मीठ तसंच राहतं. उलट पाणी आटतं, म्हणजे ते आणखी दाट होतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, पण ती स्वतः क्षारच आहे. रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन थोडाफार उडतो. झाडाचं भांडण क्लोरीनशी नाहीच.

आरओचं पाणी उत्तम, पण आधी मोजून घ्या. घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची कांडी बसवलेली असते. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर पेनाएवढं असतं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आमच्या इमारतीत एकानं आणलं आणि आठवडाभर सगळा मजला आपापले पेले घेऊन त्याच्या दारात. पाणी एकदा मोजून थांबू नका. टँकर आल्याच्या दिवशी मोजा, नळ आल्याच्या दिवशी मोजा; आकडा फिरतो.

पण तुम्ही निवृत्त आहात, हाताशी वेळ आहे, तर आरओच्या मागे कशाला लागता? परतीचा पाऊस अजून यायचाय. संध्याकाळी ढग गडगडायला लागले की गच्चीवर जाऊन छत्री उलटी धरा. थट्टा नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मीटरभर रुंदीच्या छत्रीत 25 मिलिमीटर पावसाचं जवळजवळ 20 लिटर जमतं, आणि तेवढा पाऊस आपल्याकडे एका चांगल्या सरीत पडतो. छत्रीचं टोक बादलीत टेकवा, टोकाशी बारीक भोक पाडा. पहिली दहा मिनिटं जाऊ द्या, हवेतली धूळ धुतली जाईल. पत्र्यावरून किंवा पन्हाळीतून येणारं पाणी धरणार असाल तर पहिल्या एक-दोन सरी सोडूनच द्या.

ऑक्टोबर ते मे म्हणजे पस्तीसेक आठवडे. सहा इंची कुंडीला आठवड्याला अर्धा लिटर, म्हणजे साडेसतरा लिटर. पाण्याचा एक 20 लिटरचा जार भरून ठेवला की एका झाडाची पुढच्या मृगापर्यंतची सोय झाली. जार अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ धरेल; तोंड घट्ट बंद, नाहीतर डास. आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘झाडाचं’. माझा जार एकदा घरच्यांनी कूलरमध्ये ओतला होता.

शंका : मी घरूनच काम करतो. दिवसभर एसी 24 वर असतो. घटपर्णी टेबलावर, खिडकीशेजारी आहे. आर्द्रता हवी म्हणून दर तासाला स्प्रे मारतो, आता ह्युमिडिफायरही घेतलाय. पाणी आरओचंच घालतो, मोजलेलं, 30. तरी घट धरत नाहीत. आणि हल्ली पानांवर पांढरी भुकटी बसते, ती कीड आहे का?
– सॉफ्टवेअर अभियंता, काशीमिरा

समाधान : पाण्याचा आकडा बघून बरं वाटलं. भुकटीपासून सुरू करू. ह्युमिडिफायरमध्ये कुठलं पाणी घालता? झाडाला आरओ आणि यंत्राला नळाचं, असं असणार. ही यंत्रं पाण्याचे बारीक तुषार उडवतात, सोबत त्यातले क्षारही उडतात. पाणी सुकतं, क्षार पानावर बसतात. कीड नाही, तुमच्याच टाकीचं मीठ आहे. ओल्या मऊ फडक्यानं पुसा आणि यंत्रातही आरओचंच पाणी घाला.

आता एसी. एसी हवा गार करतो म्हणजे काय करतो? खोलीतली दमट हवा थंडगार नळ्यांवरून फिरवतो, वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या नळीतून टपटपत खाली पडतं. खालच्या मजल्यावरचे त्यावरून भांडतात ते पाणी. ते तुमच्या घटपर्णीच्या तोंडचं पळालेलं पाणी आहे, अगदी शब्दशः. बाहेर भाईंदरची हवा पावसाळ्यात ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि तुम्ही पैसे मोजून ती पन्नासच्या आसपास उतरवता, मग पुन्हा पैसे मोजून यंत्रानं चढवता.

स्प्रेनं हवा दमट होते ती पाच-दहा मिनिटं. दर तासाला मारला तरी पन्नास मिनिटं कोरडीच. शिवाय पानांच्या बेचक्यात पाणी साचून बुरशी धरते ती वेगळी. घट धरायला हवा साठ टक्क्यांच्या वर असावी. बाजारात मिळणारी साधी संकरित जात पन्नासलाही कशीबशी धरते. चाळीसच्या खाली ताण्याच्या टोकाचा दाणा फुगण्याआधीच वाळतो. पान हिरवंगार राहतं, म्हणून लोकांना वाटतं की झाड ठणठणीत आहे. असतंही, फक्त घट नाहीत.

कोरड्या हवेत घट धरला तरी तो नीट काम करत नाही. घटाचा काठ, ती रेघारेघांची चकचकीत कड, किड्यांना घसरवते कशी, यावर होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी 2004 मध्ये काम प्रसिद्ध केलं. कड कोरडी असताना मुंग्या तिच्यावर खुशाल फिरतात. तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसला की पायाला धर मिळत नाही आणि मुंगी सरळ आत. पावसात ओल्या शहाबादी फरशीवर आपण जातो तशी. म्हणजे दमटपणा हा घटपर्णीच्या सापळ्याचाच भाग आहे. तुमच्या टेबलावर तो सापळा कायम बंद असतो.

सोपा मार्ग म्हणजे झाड त्या खोलीतून बाहेर काढा. एसी नसलेल्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत, ग्रिलवर टांगा. तिथं स्प्रे नको, यंत्र नको, काही नको. डोळ्यांसमोरच हवी असेल तर दोन फुटी माशांची काचेची टाकी घ्या. तळाशी बोटभर खडे, त्यात पाणी, खड्यांच्या वर पालथी बशी, बशीवर कुंडी. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. वरून तीन चतुर्थांश काच झाका. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नका, नाहीतर घटपर्णीची उकड होईल. आत एक छोटं आर्द्रतामापक ठेवा. तुमच्यासारख्या माणसाला आकडा दिसला की शांत झोप लागते.

आणि हो, एसीच्या नळीखाली बाटली लावा. ते पाणी मोजलंत तर क्षार नगण्य निघतील. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या, कारण नळ्या धुवायला रसायन वापरतात. नंतर ते झाडाचंच आहे, झाडाला परत करा.

शंका : घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सरीतून मोठ्या हौसेनं घटपर्णी आणली. पंधरा दिवसांत सगळे घट वाळून कागद झाले. फसवलं का आम्हाला?
– दांपत्य, भाईंदर (पूर्व)

समाधान : फसवलं नाही. सवय मोडली. झाड वाढलं होतं पॉलिहाऊसच्या घामट हवेत. तुम्ही ते एकदम तुमच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली आणलंत. जुने घट ही त्या घरची कमाई, ती वाळणारच. कात्रीनं वाळलेला भाग कापा, पण हिरवं पान ठेवा.

पुढच्या वेळी, किंवा याच झाडावर आजपासून, ही युक्ती करा. मोठी पारदर्शक पिशवी कुंडीवर उलटी घाला, आत दोन काड्या खोचा म्हणजे ती पानाला चिकटणार नाही. सावलीच्या उजेडात ठेवा. आठवड्यानं पिशवीला पेन्सिलीच्या जाडीची चार भोकं पाडा, पुढच्या आठवड्यात आणखी आठ. चौथ्या आठवड्यात पिशवी रात्री काढून सकाळी घाला, मग कायमची काढा. नवीन सुनेला आल्या दिवशी पन्नास माणसांचा स्वयंपाक सांगत नाहीत, तसंच हे.

जमलं तर कुंडीतलं मिश्रणही बघून घ्या. आत माती किंवा गांडूळखत दिसलं तर बदला. स्फॅग्नम मॉस, परलाइट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, एवढंच. कोकोपीट वापरणार असाल तर आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळा. नारळाच्या काथ्यात मूळचंच मीठ असतं. कुंडी प्लास्टिकची बरी, सिमेंटची मुळीच नको, तिच्यातून चुना सुटतो. बदलताना मुळं काळी दिसली म्हणून घाबरू नका, ती काळीच असतात. दाबून बघा. टणक लागली तर जिवंत. बोटात सालासारखी निघून आली आणि वास मारला तर कुजलेली. माझी पहिली घटपर्णी कुजूनच गेली. एका नर्सरीवाल्यानं ‘महिन्याला चमचाभर खत’ सांगितलं होतं आणि मी मनाचे दोन घातले. पाणी बोअरचं. ती दीड महिना टिकली हेच आश्चर्य.

शंका : आमची गॅलरी समुद्राच्या बाजूला आहे. हवा कायम दमट असते, मग घटपर्णीला आणखी काही करावं लागेल का? पानं चिकट-खारट लागतात.
– उत्तन

समाधान : पानं चाटून बघितलीत हे आवडलं. आर्द्रतेसाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. खारं वारं मात्र पानावर मीठ आणून टाकतं. जोराचं वारं सुटलेल्या दिवसानंतर पावसाच्या पाण्यानं पानं धुवा, आणि कुंडी गॅलरीच्या आडोशाच्या कोपऱ्यात न्या. बाकी खाली बोंबील वाळत घातले असतील त्या दिवसांत तुमच्या घटपर्णीला उपास घडणार नाही याची मला खात्री आहे.

शंका : मी सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे तीन घरांत हे झाड आहे. घटांत पाणी साचलेलं असतं. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे लोक तपासणीला येतात. झाडं काढायला सांगावीत का?
– मीरा रोड

समाधान : सचिवसाहेब, झाडं राहू द्या, ताटल्या काढायला सांगा. घटातलं पाणी हे पाऊसपाणी नव्हे. घट उघडण्याआधीच झाडानं ते स्वतः पाझरलेलं असतं. त्यात आम्ल असतं, पाचक रस असतात आणि तिथं उतरणारा किडा बहुतेक परत येत नाही. आग्नेय आशियाच्या जंगलांत काही खास जातींच्या डासांच्या अळ्या मात्र घटातच वाढतात, हे खरं. तेव्हा ‘कधीच नाही’ असं मी लिहून देणार नाही. पण डेंग्यूच्या डासाला हवं असतं साधं, स्वच्छ, साचलेलं पाणी आणि आठ-दहा दिवसांची शांतता. ती त्याला कुंडीखालच्या ताटलीत, एसीखालच्या बादलीत आणि गच्चीवरच्या फुटक्या टबात मिळते. म्हातारे, झाकण वाळलेले, अर्धे पिवळे घट पावसाच्या पाण्यानं भरलेले दिसले तर तेवढे कापायला लावा. आणि गच्चीवरच्या त्या टबाकडे स्वतः एकदा जाऊन या. प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर एक असतोच.

शंका : मावशी, घटात पाणी कमी दिसलं तर वरून घालू का? – इयत्ता सातवी

समाधान : नको रे. घट आडवा होऊन सगळं सांडलं असेल तरच चमचा-दोन चमचे पावसाचं पाणी घाल. घटाचा तळ झाकला की पुरे. आणि बोट घालून बघू नको. चावत नाही, पण वास दिवसभर जात नाही.

शंका : आमचं घर जैन आहे. मुलीनं हट्टानं हे झाड आणलं. सासूबाईंना ते घरात नको आहे. किड्यांशिवाय ते जगेल का?
– मीरा रोड (पूर्व)

समाधान : जगेल. उजेड भरपूर असेल तर किडा न मिळताही घटपर्णी वर्षानुवर्षं जगते, फक्त हळू वाढते. मुद्दाम काही खाऊ घालायची गरज नाही. चिकनचा तुकडा घातला म्हणून घट सडल्याची दोन पत्रं याच गठ्ठ्यात आहेत. तुमच्याकडे तो धोका नाही. पण उघड्या खिडकीत टांगली तर मुंग्या तिच्या वासानं येणार, त्याला तुमचा इलाज नाही. सासूबाईंना ते खटकत असेल तर त्यांचं म्हणणं मी खोडणार नाही.

एक तडजोड सुचवते. नेपेंथिस ॲम्प्युलेरिया नावाची एक जात आहे. तिचे घट गोल, बुटके, लोट्यासारखे, जमिनीलगत पुंजक्यानं वाढणारे. बाकी बहुतेक घटपर्णींचं झाकण छपरासारखं घटावर असतं, पावसानं रस पातळ होऊ नये म्हणून. हिचं झाकण मागे वळलेलं असतं, तोंड सताड उघडं. वरच्या झाडांचा पालापाचोळा आत पडतो आणि ती त्यावर गुजराण करते. 2003 मधल्या एका अभ्यासात तिच्या पानांतला एक तृतीयांशाहून जास्त नायट्रोजन पालापाचोळ्यातून आलेला आढळला. पूर्ण शाकाहारी नव्हे, पण त्या वाटेवर आहे. तिला उष्ण दमट हवा लागते, म्हणजे आपलीच. फक्त एसीत नको, आणि हवा सत्तर टक्क्यांच्या वर हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिला काचेच्या टाकीत ठेवावं लागेल. सासूबाईंना सांगा, लोटा आहे, पानं खातो.

शंका : नाताळात मेघालयला सहलीला चाललोय. तिथं घटपर्णी रानात उगवते म्हणे. एखादं रोप आणलं तर आपल्या हवेत टिकेल का? किती आर्द्रता लागेल?
– भाईंदर (पश्चिम)

समाधान : आर्द्रतेचा प्रश्न नंतर, आधी कायद्याचा. भारतात रानात उगवणारी घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना. खासी, जयंतिया आणि गारो टेकड्यांत. गारो लोक तिला मेमांग कोकसी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींत आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टाचा बंद आहे. रानातून उपटणं गुन्हा आहे आणि परवान्याशिवाय लावणंही. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाऱ्याला तिच्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे, तिथं जाऊन बघा. तिथली ओसाड, निकृष्ट माती मुद्दाम न्याहाळा. मग तुम्ही कुंडीत खत घालणार नाही.

कीटकभक्षी रानटी झाडंच बघायची तर मेघालयापर्यंत जायलाही नको. ऑगस्ट-सप्टेंबरात साताऱ्याच्या कास पठारावर वाकून बघा. दवबिंदू सापडेल, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवणारी, बोटभर उंचीची. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलंही तिथे गालिच्यासारखी पसरतात. ती दिसतात नाजूक, पण त्यांच्या मुळाशी, चिखलात, बारीक फुग्यांचे सापळे असतात. कोकणातल्या सड्यांवरही पावसाळ्यात ही मंडळी असतात. तीही उपटायची नाहीत, हे सांगायला नको.

शंका : दिवाळीत आठ दिवस दापोलीला जातोय. घटपर्णीचं काय करू? शेजारच्या काकू पाणी घालायला तयार आहेत.
– मीरा रोड

समाधान : निघायच्या दिवशी कुंडी नीट भिजवा, पाणी निथळू द्या. मोठी पारदर्शक पिशवी वरून घाला, तळाशी सैल सोडा, आणि उन्हापासून दूर पण उजेडाच्या खिडकीत ठेवा. या आठ दिवसांपुरती ताटलीत नखभर आरओचं पाणी ठेवायची परवानगी आहे; पिशवी खालपर्यंत येऊ दे, म्हणजे डास आत जाणार नाहीत. एवढं केलंत की काकूंची गरज उरत नाही.

तरी त्यांना वाईट वाटू नये म्हणून किल्ली द्यायचीच असेल तर द्या. तुळशीला पाणी घाला म्हणा. घटपर्णी आतल्या खोलीत ठेवा, आणि खताची पुडी तेवढी दापोलीला घेऊन जा.